सबोल बाई आणि समोरचा वर्ग

हार्मन फॉल्सच्या हायस्कूलमध्ये दुसऱ्या मजल्यावर गणिताचे सात वर्ग होते, आणि डोरीन सबोलच्या वाट्याला आला होता तो नेमका फिलिप ड्रेननच्या वर्गासमोरचा. मध्ये चार पावलांचा कॉरिडॉर. दोन्ही दारं उघडी असली की त्याच्या वर्गातलं हसणं थेट तिच्या फळ्यापर्यंत यायचं. गणिताच्या तासाला एवढं हसण्यासारखं काय असतं, हे डोरीनला इतक्या वर्षांच्या नोकरीत उमगलं नव्हतं. ती खडू खाली ठेवायची, जाऊन दार लावून घ्यायची आणि पुन्हा समीकरणाकडे वळायची. पण कान काही दाराबरोबर बंद होत नाहीत.

डोरीन क्लीव्हलंडची. वडील पोलादाच्या कारखान्यात होते, घरात बोलणं स्लोव्हाकमध्ये चालायचं, आणि कॉलेजची पायरी चढलेली ती घराण्यातली पहिलीच. एकोणीसशे एकोणसत्तर साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी ती या उपनगरातल्या शाळेत लागली. नववीच्या मुलांना बीजगणित शिकवायचं, ते काम तिला मिळालं आणि तिलाच चिकटलं. शाळेत गणिताच्या तीन वाटा होत्या. हुशार म्हणून निवडलेल्यांची वरची, कॉलेजला जाऊ म्हणणाऱ्यांची मधली आणि उरलेल्यांची खालची. डोरीनकडे मधली आणि खालची. अपूर्णांक पाहिले की घामाघूम होणारी पोरं तिच्याकडे सप्टेंबरात यायची आणि जूनपर्यंत बऱ्यापैकी मार्गी लागायची. ती फार हसवायची नाही, ओरडायचीही नाही. एकच गोष्ट पाच तऱ्हांनी सांगायची, आणि सहावी तऱ्हा लागली तर घरून शोधून आणायची.

ऐंशीच्या सुमाराला शाळेत कॅल्क्युलसचा वर्ग सुरू होणार अशी कुणकुण लागली. बारावीच्या निवडक मुलांसाठी, मे महिन्यात देशभर होणाऱ्या परीक्षेला बसवणारा वर्ग. डोरीनने कुणाला काही न सांगता तयारी सुरू केली. सलग तीन उन्हाळे ती विद्यापीठात जाऊन वीस वर्षांच्या मुलांच्या बाकांवर बसली, कॅल्क्युलस नव्याने शिकली, तिन्ही वर्षी उत्तम गुण मिळवले. नवरा गस पोस्टमन होता. तो संध्याकाळी घरी आला की जेवणाच्या टेबलावर तिची वह्यापुस्तकं पसरलेली असायची आणि तो आपली बशी मांडीवर घेऊन जेवायचा.

त्र्याऐंशीच्या जूनमध्ये मुख्याध्यापकांनी तिला बोलावलं. त्यांनी तिची तोंडभर स्तुती केली. ती या शाळेचा पाया आहे म्हणाले, नववीतून तिला हलवलं तर सगळा डोलारा खाली येईल म्हणाले. मग म्हणाले की कॅल्क्युलससाठी पिट्सबर्गहून एक तरुण माणूस येतोय. डोरीनने आभार मानले, बाहेर येऊन गाडीत बसली, आणि किल्ली लावायची सोडून बराच वेळ तशीच बसून राहिली.

तो तरुण माणूस म्हणजे फिलिप ड्रेनन. उंच, जरा वाकून चालणारा, बाह्या सदैव खडूने माखलेल्या. तो वाईट असता तर डोरीनचं काम सोपं झालं असतं. पण तो ऑगस्टमध्ये आपल्या परसातले टोमॅटो कागदी पिशवीत घालून तिच्या टेबलावर ठेवायचा. तिची आई गेली तेव्हा चर्चमध्ये मागच्या बाकावर येऊन बसला होता. तिला त्याच्यात दोष सापडेना, आणि त्याचाच तिला जास्त राग यायचा.

परीक्षेच्या दिवशी तो पहाटे शाळेत येऊन कँटीनच्या मोठ्या तव्यावर मुलांसाठी पॅनकेक करायचा. दरवर्षी वर्गाचा टी-शर्ट छापायचा, पाठीवर सगळ्यांची नावं. शाळेत त्या मुलांना ‘ड्रेननची पोरं’ म्हणत. ते नाव ती पोरं मिरवायची. ‘सबोलची पोरं’ असं कुणी कधी म्हटलं नाही. दर जुलैत गावच्या वर्तमानपत्रात फोटो यायचा, मध्ये ड्रेनन, भोवती त्या परीक्षेत पाचापैकी पाच गुण मिळवलेली मुलं. डोरीन पेन्सिल घेऊन त्या फोटोतली आपली मुलं शोधायची. वरच्या वाटेने आलेली बहुतेक दुसऱ्यांकडची असत, पण दरवर्षी दोघं-तिघं तिच्या हाताखालून वर गेलेली सापडायचीच. त्यांच्या डोक्यावर ती बारीक खूण करायची. तो कागद मग ती कपाटात ठेवून द्यायची, फेकायची नाही.

फ्रेंच शिकवणारी इर्मा स्टाफरूममध्ये एकदा म्हणाली, "डोरीन, पीठ तू मळतेस आणि केकवर नाव त्याचं." सगळे हसले. डोरीनही हसली. तिच्या ते जिव्हारी लागलं होतं.

घरी गसला सांगितलं तर तो बूट काढत म्हणाला, "अगं, मी रोज चारशे घरांत पत्रं टाकतो. त्यातलं एक तरी मी लिहिलेलं असतं का?"

"तुला नाही कळायचं," डोरीन म्हणाली.

असं करता करता अकरा वर्षं गेली.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात तिच्या तिसऱ्या तासाला केंड्रा प्रुइट नावाची मुलगी आली. ओहायोच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातून तिचं कुटुंब नुकतंच आलं होतं. बाप बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवायचा, आई वृद्धाश्रमात कामाला. मुलगी हाडकुळी, केस कायम तोंडावर, बोलायची डोंगरी हेल काढून, म्हणून मुलं तिची नक्कल करायची आणि म्हणून ती बोलणं टाळायची. ऑक्टोबरमध्ये डोरीनने फळ्यावर उदाहरण घातलं. दोन संख्यांची बेरीज वीस, गुणाकार शहाण्णव, तर त्या संख्या कोणत्या. समीकरण कसं मांडायचं ते त्या दिवशी शिकवायचं होतं. ती फळ्याकडे वळण्याआधीच मागच्या बाकावरून आवाज आला, "बारा आणि आठ."

"अंदाजाने काढलंस?"

"नाही बाई." केंड्रा केसांआडून म्हणाली. "बेरीज वीस, म्हणजे दोघी दहापासून सारख्याच लांब असणार. एक वर, एक खाली. मग गुणाकार शंभरपेक्षा त्या अंतराच्या वर्गाइतका कमी. चार कमी आहे, म्हणजे अंतर दोन."

वर्गाला काही कळलं नाही. कुणीतरी मागून तिच्या हेलात ‘दोघी दहापासून’ म्हणून दाखवलं. डोरीन मात्र खडू हातात धरून उभी राहिली. पंचवीस वर्षांत हजारो मुलांना तिने हे उदाहरण घातलं होतं. अशा तऱ्हेने ते कुणीच सोडवलं नव्हतं. तिने स्वतःसुद्धा.

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर केंड्रा तासभर डोरीनच्या वर्गात थांबू लागली. डोरीन घरून जुनी पुस्तकं आणायची, मुलगी ती उदाहरणं मिटक्या मारत खाल्ल्यासारखी संपवायची. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगपर्यंत नववीचं पुस्तक संपलं. डोरीन गसजवळ तिच्याखेरीज दुसरं काही बोलेना. शाळेत मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. ही मुलगी वरच्या वाटेवरून आलेली नव्हती, कुणी निवडून दिलेली नव्हती. ती डोरीनला मिळाली होती, आणि डोरीनला ती कुणाला दाखवायची नव्हती.

पण शाळेत अशी गोष्ट लपत नाही. जानेवारीत झेरॉक्सच्या मशीनपाशी ड्रेनन तिला म्हणाला, "तुझ्याकडे कुणी प्रुइट म्हणून आहे म्हणे. विलक्षण आहे असं ऐकलं."

"बरी आहे," डोरीन म्हणाली.

"पाठव ना एकदा माझ्याकडे. बघतो."

‘बघतो’ हा शब्द तिला दिवसभर टोचत राहिला. जणू पंचवीस वर्षं शिकवून डोरीनला बघता येत नव्हतं. तिने काही केंड्राला पाठवलं नाही. पण दोनच दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत तो स्वतः कँटीनमध्ये केंड्राच्या टेबलाशी थांबला आणि एक कोडं टाकून गेला. चीजचा एक मोठा ठोकळा आहे, त्याचे सारखे सत्तावीस ठोकळे करायचे आहेत. तुकडे हवे तसे एकावर एक रचून कापले तरी चालतील, तर सुरी कमीत कमी किती वेळा चालवावी लागेल? केंड्राने पेपर नॅपकिनवर उत्तर लिहून त्याच्या दारात नेऊन दिलं. सहा वेळा. आणि खाली एकच ओळ, ‘मधल्या तुकड्याला सहाही बाजू नव्या लागतात.’ ड्रेननने तो नॅपकिन फळ्याच्या कोपऱ्यात चिकटवला. दुसऱ्या दिवशी केंड्रा जेवणाचा डबा घेऊन त्याच्या वर्गात गेली. तिसऱ्या दिवशीही. डोरीन आपल्या दाराच्या काचेतून बघत होती. बारावीतली धटिंगण पोरं बाजूला सरकून तिला जागा देत होती आणि ती हसत होती. केस कानामागे घेतले होते. डोरीनच्या वर्गात तिने केस कधी मागे घेतले नव्हते.

त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर केंड्रा आली तेव्हा डोरीनने तिला डोकं दुखतंय असं सांगून घरी पाठवलं.

फेब्रुवारीत शिफारशींचे फॉर्म आले. पिवळ्या कागदाचे, प्रत्येक मुलाचा एक. पुढल्या वर्षी हे मूल गणिताच्या कोणत्या वर्गात जाईल ते नववीच्या शिक्षकाने लिहायचं, पालकाने सही करायची, बस. मधल्या वाटेवरच्या मुलाला बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचायचं असेल तर एकच मार्ग होता. दहावीत भूमिती आणि पुढचं बीजगणित हे दोन्ही विषय एकदम घ्यायचे. त्यासाठी फॉर्मवर शेवटच्या चौकोनात खूण करावी लागे. ती संधी चुकली की पुढे गाडी रुळावर येत नसे. हे शाळेत सगळ्यांत चांगलं कुणाला ठाऊक असेल तर ते डोरीनला.

तिने एकशे अठरा फॉर्म एका बैठकीत भरले. केंड्राचा बाजूला ठेवला. चौथ्या दिवशी, शेवटच्या तारखेला, मुलं चाचणी सोडवत असताना तिने तो पुढे ओढला. समोरच्या वर्गातून हसण्याची लाट आली. तिने ‘फक्त भूमिती’ या चौकोनात खूण केली. कारण लिहायच्या ओळीवर लिहिलं, ‘पाया अजून कच्चा आहे.’ अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

तिने स्वतःची समजूत घातली. मुलगी नवीन आहे, घरची परिस्थिती साधी, उगाच ओझं नको. एखादं वर्ष थांबली तर काय बिघडतं. पुढल्या वर्षी आपण दहावीची भूमिती मागून घेऊ, आपणच तिला शिकवू. हे सगळं तिने इतक्या वेळा मनात घोळवलं की ते जवळजवळ खरं वाटू लागलं.

आठवडाभराने केंड्रा तिच्या टेबलापाशी आली. "बाई, ड्रेनन सर म्हणत होते मला पुढच्या वर्षी दोन्ही विषय घेता येतील."

"ड्रेनन सरांच्या वर्गात तू आहेस का?"

"नाही."

"मग? तुझं काय कच्चं, काय पक्कं, ते मला माहीत असणार की त्यांना?"

केंड्राने दप्तर उचललं. मग "बरं बाई" म्हणाली आणि गेली. समोरच्या वर्गातही त्यानंतर ती गेली नाही. कदाचित तिला लाज वाटली असेल. डोरीनने ते पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तिला बरं वाटलं.

भूमिती तिने खरंच मागून घेतली. पण दहावीत आलेली केंड्रा वेगळीच होती. सांगितलेलं करायची, जास्त काही नाही. शाळा सुटल्यावर थांबायचं तर नावच नको. डोरीनने जुनी पुस्तकं पुढे केली तर म्हणाली, बाई, मला काम आहे. फुलझाडं विकणाऱ्या नर्सरीत ती खताच्या गोण्या उचलायचं काम करू लागली होती. वर्षाअखेरीस तिला मध्यम गुण पडले. अकरावीत ती दुसऱ्या शिक्षकांकडे गेली, तिथे त्याहून कमी. ड्रेननच्या वर्गातला तो नॅपकिन कधीतरी पडला किंवा कुणी काढला. डोरीनला तो दिसेनासा झाला एवढं खरं.

सत्त्याण्णवच्या वसंतात गणिताच्या शिक्षकांची बैठक होती. पुढल्या वर्षीच्या कॅल्क्युलसची यादी वाचून झाल्यावर ड्रेननने मान वर केली. "अरे हो, ती प्रुइट कुठे गेली? मला वाटायचं ती माझ्यापर्यंत येणार."

"तिचा पाया कच्चा होता," डोरीन म्हणाली.

"असं?" त्याने यादी मिटली. "मग माझीच चूक झाली बघण्यात. मूल ओळखण्यात या इमारतीत तुझ्यासारखं दुसरं कुणी नाही."

टोमणा नव्हता त्यात. चौदा वर्षं जे त्याच्या तोंडून ऐकायला ती आसुसलेली होती, ते तो सहज, सगळ्यांदेखत बोलून गेला. कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. डोरीनने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

त्याच शनिवारी ती झेंडूची रोपं आणायला नर्सरीत गेली. काउंटरवर केंड्रा होती. हिरवा एप्रन, नखांत माती. डोरीनने विचारलं, पुढल्या वर्षी गणितात काय घेणार.

"काही नाही. शाळा पुरी होण्यापुरतं झालंय माझं." केंड्राने रोपं खोक्यात लावली. "मी काही गणितातली नाही, बाई. तुम्ही तर ते नववीतच ओळखलं होतंत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं ती हसली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

घरी येऊन डोरीनने खोकं ओट्यावर ठेवलं आणि गसला सगळं सांगितलं. फॉर्म, चौकोन, समोरच्या वर्गातलं हसणं. गस मांस कापत होता. त्याने सुरी ठेवली, हात धुतले.

"दोन वर्षं तू मला सांगितलं नाहीस."

"काय सांगणार होते?"

"मग आता काय करणार आहेस?"

"माहीत नाही."

"माहीत आहे तुला," गस म्हणाला, आणि पुन्हा सुरी उचलली.

रविवारी दुपारी ती प्रुइटांच्या घरी गेली. गावाच्या टोकाला भाड्याचं छोटं घर, अंगणात अर्धी उघडलेली गाडी. आई लॉर्ना वृद्धाश्रमातून नुकतीच आली होती, अंगावर कामाचे कपडे तसेच. घरात राजम्याचा आणि मक्याच्या पावाचा वास होता. लॉर्नाने बाईंना चांगली खुर्ची दिली, बर्फ घातलेला गोड चहा दिला, आणि मुलीला हाक मारली. काहीतरी चुकीचं केलंय का हिने, असं तिने दोनदा विचारलं.

डोरीनने वाटेत सगळं जुळवलं होतं. केंड्राला उन्हाळ्यात मधला एक विषय शिकवला, परीक्षा घेतली, तर तिला बारावीत कॅल्क्युलसला बसता येईल. शाळेच्या समुपदेशकांशी आपण उद्याच बोलू. आपण रोज शिकवू, हवं तर इथे येऊन. ती हे सगळं एका दमात बोलली.

केंड्रा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. "पण का?" तिने विचारलं. "तुम्हीच लिहिलं होतंत ना, पाया कच्चा म्हणून."

डोरीनने ग्लास खाली ठेवला. "ते खोटं होतं."

खोलीत पंखा फिरत होता. लॉर्नाला नीट कळलं नाही असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुझ्यासारखी मुलगी माझ्या हाताखाली कधी आली नव्हती," डोरीन म्हणाली. "तू ड्रेननकडे जाणार हे मला सहन झालं नाही. त्याच्या वर्गात जाऊन हसत होतीस ते मला बघवलं नाही. म्हणून मी चुकीच्या चौकोनात खूण केली. बाकी काही कारण नव्हतं."

लॉर्ना हळूच म्हणाली, "त्यावर मी सही केली होती. म्हटलं बाई म्हणतात म्हणजे बरोबरच असणार."

केंड्राने कानामागचे केस सोडले, पुन्हा मागे घेतले.

"म्हणजे मी ढ नव्हते?"

"नाही गं."

"दोन वर्षं मला वाटतंय की मी ढ आहे. मला वाटलं, मला स्वतःबद्दल उगाचच काहीतरी वाटायला लागलं होतं आणि तुम्ही ते वेळेवर थांबवलंत." तिचा आवाज कापला नाही. कापला असता तर डोरीनला बरं वाटलं असतं. "मी शिकेन. पण तुमच्याकडे नाही. ड्रेनन सरांकडे."

डोरीन घरून निघाली तेव्हा शिक्षा भोगायची तयारी करून निघाली होती, पण ही तिच्या ध्यानीमनीही नव्हती. ती उठली. लॉर्ना तिला दारापर्यंत सोडायला आली नाही.

सोमवारी पहिला तास सुरू व्हायच्या आधी डोरीन कॉरिडॉर ओलांडून ड्रेननच्या वर्गात गेली. तिथे ती कामाशिवाय कधी गेली नव्हती. त्याला तिने सगळं सांगितलं, उभ्यानेच. तो फळा पुसत होता, पुसायचा थांबला.

"माझा एवढा राग होता तुला?"

"तुझा असा नाही." मग ती म्हणाली, "हो. तुझाच."

"तिला शिकवेन मी," तो म्हणाला. "लायब्ररीत, सकाळी. पण डोरीन, तुझ्याशी आत्ता मला बोलवत नाही. तू जा."

तिने मागे वळून पाहिलं नाही. तिला दार लागल्याचा आवाज आला. चौदा वर्षांत तो आत असताना ते दार कधी लागलं नव्हतं.

त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. प्रुइटांनीही तक्रार केली नाही. डोरीनने मुख्याध्यापकांकडे जायचं ठरवलं होतं, पण केंड्राने निरोप पाठवला की शाळेत तिच्याबद्दल बोलणं व्हायला नको आहे. तेव्हा तेही राहिलं. डोरीनला कुणी शिक्षा केली नाही, आणि त्यामुळे ते संपलं असंही तिला कधी म्हणता आलं नाही.

उन्हाळाभर गावच्या लायब्ररीच्या खिडकीपाशी केंड्रा आणि ड्रेनन बसलेले दिसत. बाजारात जाताना डोरीन रस्त्याच्या पलीकडून चालायची. तिला वाटलं होतं, एकदा कबुली दिली की मन निवळेल. तसं काही झालं नाही. केंड्रा वहीवर वाकून काहीतरी भराभर लिहितेय, ड्रेनन मान हलवतोय, हे दिसलं की तीच जुनी कळ उठायची, तेवढीच तीव्र. फक्त आता तिला त्या कळीचं नाव ठाऊक होतं, आणि ती येते आहे हे दोन पावलं आधी कळायचं.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यातल्या परीक्षेत केंड्राला पाचापैकी चार मिळाले. एक वर्ष जास्त मिळालं असतं तर पाच मिळाले असते, हे सांगायला कुणी गणितज्ञ लागत नव्हता. फोटोत ती कडेला उभी होती. डोरीनने त्या वर्षी पेन्सिल घेतली नाही.

त्याच सुमाराला डोरीनने बैठकीत सुचवलं की शिफारशीच्या फॉर्मवर एका ऐवजी दोन शिक्षकांच्या सह्या असाव्यात, आणि मुलाला विचारल्याशिवाय फॉर्म घरी जाऊ नये. काम वाढेल म्हणून बाकीचे कुरकुरले. ड्रेननने तिच्याकडे न बघता अनुमोदन दिलं. वर्षभरात दोघं पुन्हा बोलू लागली, पण कामापुरतं. टोमॅटो त्यानंतर आले नाहीत.

नव्याण्णव साली कॅल्क्युलसला मुलं वाढली आणि दुसरी तुकडी काढावी लागली. ती डोरीनला मिळाली. नाव ड्रेनननेच सुचवलं होतं असं इर्माने तिला सांगितलं. नाही म्हणावं असं तिच्या मनात आलं, पण तिने हो म्हटलं, कारण ते तिला सोळा वर्षं हवं होतं आणि पश्चात्तापामुळे हाव काही कमी झालेली नव्हती. तिने जीव ओतून शिकवलं. मुलांना तीन मिळाले, काहींना चार. समोर नेहमीसारखे पाच. सप्टेंबरात चार मुलं ऑफिसात जाऊन त्याच्या तुकडीत बदलून मागायची, आणि त्यांची नावं डोरीनला कळायचीच. तिच्या पाच तऱ्हांनी समजावण्याची या मुलांना गरज नव्हती. पहिल्या तऱ्हेलाच त्यांना कळायचं, मग मुलं कंटाळायची. दोन वर्षांनी तिने तुकडी परत केली आणि अपूर्णांकांना घाबरणाऱ्या पोरांकडे गेली. ते तिने मोठेपणाने केलं नव्हतं. हरल्यासारखं वाटलं, आणि वर्गात शिरल्यावर हायसंही वाटलं.

दोन हजार चारमध्ये ती निवृत्त झाली. केंड्रा राज्याच्या विद्यापीठात शिकून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात मोजणीच्या कामाला लागल्याचं तिच्या कानावर आलं होतं. लॉर्ना कधी बाजारात दिसली तर मान हलवून पुढे जायची.

एका ऑक्टोबरात डोरीन दाताच्या डॉक्टरकडे निघाली होती. नदीकाठच्या रस्त्यावर काम चाललं होतं, गाड्यांची रांग लागली होती. पुढे तीन पायांच्या स्टँडवर दुर्बीण लावून एक बाई एक डोळा मिटून बघत होती. डोक्यावर पिवळं हेल्मेट, केस मानेमागे घट्ट बांधलेले. तिने वहीत काहीतरी टिपलं, मान वर केली आणि गाडी ओळखली. ती चालत खिडकीपाशी आली. डोरीनने काच खाली केली.

"बाई, डावी बाजू खचलीय," केंड्रा म्हणाली. "उजवीकडून घ्या. हळू."

"बरं," डोरीन म्हणाली.

केंड्राने मागच्या गाड्यांना हात दाखवून थांबवलं आणि ती जाईपर्यंत तसाच धरून ठेवला. डोरीनने गाडी उजवीकडे घेतली, सांगितलं होतं तशी हळू नेली. डॉक्टरकडे पोचायला तिला दहा मिनिटं उशीर झाला.